स्त्रियांची मासिके, लैंगिक प्रश्न आणि आपली घरे

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी स्त्रीविषयक लेख लिहून द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून मला दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी क्रांतिज्योती सावित्रीबाई, माता रमाई किंवा हिंदू कोड बिल यांपैकी एका विषयावर चार पाने लिहून देते. यंदा विषय बदलते आहे असे कळविले, तेव्हा मंडळातील एका तरुण बंधूंनी अतिशय आदराने मला विचारले, "ताई, स्मरणिका घरात सगळे वाचतात. आजी वाचते, पंधरा वर्षांची नातही वाचते. हाच विषय घ्यायला हवा का?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. परंतु आजी आणि नात या दोघीही ही पाने वाचतात, नेमक्या याच कारणास्तव हा विषय येथे यावा असे मला वाटते.

मी १९७८ साली नागपूरच्या इंदोऱ्याहून कोव्हेंट्रीस आले. पती मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. लग्नाला दीड वर्ष झाले होते. लग्नाच्या आदल्या रात्री आत्याने मला जवळ बसवून जे शिक्षण दिले ते एका वाक्याचे होते : "गुमान राह्यजो पोरी, सारं आपोआप होते." एवढ्या शिदोरीवर मी संसारास लागले होते. पहिल्याच हिवाळ्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात वाट पाहत बसले असताना समोरच्या मेजावर जुन्या साप्ताहिकांचा ढीग दिसला. 'वूमन', 'वूमन्स ओन' अशी नावे होती. स्वेटरचे नमुने, केकची कृती, राजघराण्यातील लग्नकार्ये, असे पाहत पाहत मी एका पानाशी येऊन थांबले. कोणी एक बाई आपले दुःख लिहीत होती. ते दुःख शय्येवरचे होते. आणि दुसरी एक बाई तिला न हसता, न रागावता उत्तर देत होती. शेजारी पती बसलेले असल्यामुळे स्वेटरच्या नमुन्याचे पान वर धरून, त्याच्या आडून मी ते पान वाचले. कित्येक शब्द कळले नाहीत. ते पाठ करून घरी नेले आणि शब्दकोशात शोधले. त्यांपैकी काही शब्द त्या शब्दकोशातही नव्हते!

आपल्याकडे एक समज दृढ आहे की, इंग्रज समाज या बाबतीत पहिल्यापासूनच मोकळा आहे आणि त्याची मासिकेही पहिल्यापासूनच अशी आहेत. वास्तविक पाहता तसे मुळीच नाही. 'वूमन्स ओन' १९३२ साली निघाले आणि 'वूमन' १९३७ साली. 'वूमन'मध्ये 'एव्हलिन होम' या टोपणनावाने पेगी मेकिन्स या बाईंनी १९३७ ते १९७४ अशी सदतीस वर्षे वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली. १९५०च्या दशकात या साप्ताहिकाचा खप आठवड्याला तीस लाख प्रतींच्या वर गेला होता. म्हणजे त्या काळात क्वचितच एखादे घर असेल की जेथे ते पान पोहोचले नाही. परंतु त्या पानावर छापले जाई ते फार झाकून. शरीराच्या प्रश्नाचे उत्तर हवे असल्यास आपला पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले पाकीट सोबत पाठवावे, अशी त्या साप्ताहिकांची रीत होती. छापील पानावर संसार सांभाळण्याचा सल्ला आणि बंद पाकिटात शरीराची खरी माहिती, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. छापील सल्लाही बहुधा एकाच दिशेने जाई. घर मोडू नये, नवऱ्याचे मन बाहेर गेले असेल तर ते परत वळविण्याची जबाबदारी पत्नीची, आणि कुमारिकेने धीर धरावा. 'गुमान राहा' याचेच ते सभ्य इंग्रजी रूप म्हणावे लागेल. तरीसुद्धा पाकिटाची ती सोय होती हे विसरता येणार नाही. माझ्या आत्याकडे पाकीटही नव्हते.

बदल घडला तो आधी कायद्याने आणि औषधाने, मासिकांनी नव्हे. १९६१ साली गर्भनिरोधक गोळी एन.एच.एस.मध्ये उपलब्ध झाली, पण प्रारंभी विवाहित स्त्रियांपुरती. १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला. १९७४ पासून गर्भनिरोधक साधने विवाहित-अविवाहित असा भेद न करता सर्वांना विनामूल्य मिळू लागली. मासिके या बदलाच्या मागून आली. शाळकरी मुलींच्या 'जॅकी' या साप्ताहिकात तोवर 'कॅथी आणि क्लेअर' या नावांनी चुंबनापर्यंतच्याच शंकांना उत्तरे दिली जात. गोळी विनामूल्य झाल्यावर तेथे डॉक्टरांचे निराळे सदर सुरू करावे लागले.

१९७२ साली या देशात दोन मासिके निघाली. एक 'कॉस्मोपॉलिटन', दुसरे 'स्पेअर रिब'. पहिल्याने स्त्रीला सांगितले की, सुख हे तुझेही आहे, ते मागण्यात पाप नाही. दुसऱ्याने विचारले की, हे सुख कोणाच्या अटींवर मिळते? पहिले हातोहात खपले. दुसऱ्याचा पहिला अंक विकावयास एका मोठ्या पुस्तक-विक्रेत्याने नकार दिला. 'कॉस्मोपॉलिटन' आजही निघते. 'स्पेअर रिब' १९९३ साली बंद पडले. बाजाराचा कौल कोणत्या बाजूने पडला हे निराळे सांगावयास नको.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील की, हा सगळा गोऱ्यांचा इतिहास झाला, बुद्ध-फुले-आंबेडकरांच्या अनुयायांना त्याचे काय? म्हणून आता आपल्या मराठी मुलखाकडे वळते.

प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालच्या जुलै महिन्यात मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्याआधी १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. त्याच वर्षी लंडनच्या हॉलोवे भागात मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब लंडनमध्ये विद्यार्थी होते. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते. 'समाजस्वास्थ्य' हे काही स्त्रियांचे मासिक नव्हते, हे खरे. परंतु स्त्रीला स्वतंत्र कामेच्छा असते आणि किती मुले व्हावीत हे तिने ठरवावयाचे असते, असे मराठीत इतक्या स्पष्टपणे त्याआधी कोणी सांगितले नव्हते. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा ज्या गोष्टींचा उच्चारही घरात होत नसे, त्यांविषयी वाचक विचारीत आणि कर्वे सरळ उत्तर देत. बंद पाकीट नाही, आडपडदा नाही.

या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ साली तो मुंबईच्या न्यायालयात चालला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बंधु-भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत मोठ्याने वाचले गेले आहे? महाडचा सत्याग्रह आपण मुलांना सांगतो, काळाराम मंदिराचा सांगतो, पुणे कराराचा सांगतो. गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपल्या होत्या आणि देशभराचे काम अंगावर होते. अशा वेळी बाबासाहेबांनी एका ब्राह्मण प्राध्यापकाच्या लहानशा मासिकासाठी, तेही लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी, न्यायालयात युक्तिवाद केला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही, ही त्यांची मूळ भूमिका होती. वाचकाने प्रश्न विचारला असेल, तर लैंगिक शिक्षणासाठीच निघालेल्या मासिकाने त्याचे उत्तर देऊ नये काय, असा त्यांचा मुद्दा होता. वाचकांचे प्रश्न विकृत आहेत असे कोणाला वाटत असेल, तर त्यावर उपाय ज्ञान हाच आहे, प्रश्न दडपणे हा नव्हे. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

ज्या कसोटीवर दंड झाला ती कसोटी कोठून आली होती? ती इंग्लंडमधूनच आली होती. १८६८ सालच्या हिकलिन खटल्यात इंग्रज न्यायाधीशांनी ठरवून दिले होते की, ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत त्यांच्या हाती एखादे लिखाण पडले असता ते त्यांना बिघडवील काय, एवढेच पाहावे. बळी पडण्याजोगी मने कोणाची, हे गृहीतच होते. १९६० साली लंडनमध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारले होते की, हे पुस्तक तुम्ही आपल्या पत्नीला किंवा नोकरांना वाचू द्याल काय? स्त्री आणि शूद्र यांच्या कानी ज्ञान पडू नये हा मनूचा नियम, पांढऱ्या केसांचा टोप घालून लंडनच्या न्यायालयात बोलत होता! फरक इतकाच की, ज्यूरीने ते मानले नाही आणि प्रकाशक सुटले. त्याआधी १९५९ सालीच इंग्लंडने नवा कायदा करून जुनी कसोटी मागे टाकली होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ साली त्याच कादंबरीच्या विक्रेत्याची शिक्षा जुन्या कसोटीवर कायम केली, आणि ती कसोटी अखेर सोडली ती २०१४ साली. ग्रेज इनमध्ये कायदा शिकलेल्या बॅरिस्टरने १९३४ साली जे मांडले, ते त्या देशाच्या न्यायालयापर्यंत पोहोचावयास ऐंशी वर्षे लागली.

हे बाबासाहेबांच्या कार्यातले एखादे आडवळण होते असेही कोणी समजू नये. १९३८ सालच्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला, पण त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव नामंजूर झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती आणि मावशीच्या कडेला बसून ती त्या परिषदेला हजर होती. मुलींचे लग्न घाईने करू नका, फार मुले होऊ देऊ नका, पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वबंदी यांचे ठराव त्या परिषदेने केले. आईला भाषणातले फारसे आठवत नसे. "इतक्या बाया मी जन्मात पाह्यल्या नव्हत्या," एवढेच ती म्हणे.

आणि याहून खोलवर जावयाचे तर १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधाकडे पाहावे. जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या नियमाने, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही रूढी तो नियम टिकविण्यासाठी निर्माण झाल्या, असे प्रतिपादन पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने केले. म्हणजे स्त्रीच्या देहावर पहारा बसविल्याशिवाय जातिव्यवस्था उभीच राहू शकत नाही. हे एकदा मान्य केले की, लैंगिक प्रश्न हा आपल्या चळवळीच्या बाहेरचा, श्रीमंतांच्या फुरसतीचा प्रश्न आहे असे म्हणण्यास जागा उरत नाही.

मराठी स्त्रियांच्या मासिकांनी या बाबतीत काय केले? किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक १९३० साली निघाले. प्रौढविवाह, विधवांचे प्रश्न, घटस्फोट, दांपत्यजीवन यांवर त्याने अनेक वर्षे धीटपणे लिहिले. १९८३ पासून विद्या बाळ यांच्या संपादनाखाली ते अधिक मोकळे झाले, आणि पुढे १९८९ साली त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. या कामाचा मला आदर आहे. पण त्या मासिकातील 'स्त्री' बहुधा दिवाणखान्यात राहणारी होती, हेही नमूद केले पाहिजे. वाड्याच्या मागील दाराने येणारी मोलकरीण, देवाला सोडलेली मुरळी, तमाशातील नर्तकी यांच्या देहाविषयी इतर सर्वांना बोलता येत होते, त्यांना स्वतःला मात्र नाही. म्हणूनच १९८२ साली फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे आत्मकथन याच 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा ती साधी घटना नव्हती. ('जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आले.) त्यात प्रश्नोत्तरे नव्हती, सल्ला नव्हता. कोवळ्या वयात नांदावयास आलेल्या सुनांचे हाल, उपासमारीतले बाळंतपण, अडलेल्या बाईची तडफड हे सारे होते. स्त्रीच्या लैंगिक जीवनाचे याहून खरे वर्णन मराठी मासिकांत मी तरी क्वचितच वाचले आहे. हे लिखाण त्यांनी घरच्यांपासून वीस वर्षे लपवून ठेवले होते. आपल्याच माणसांपासून.

येथे मला माझ्या स्वतःच्या घराकडे यावे लागते.

१९९५ साली माझी मुलगी चौदा वर्षांची होती. अंथरुणाच्या चादरी बदलताना गादीखाली मुलींच्या एका पाक्षिकाचे तीन अंक मला सापडले. तो काळच तसा होता. मुलींच्या मासिकांत आता आडपडदा राहिला नव्हता, आणि 'मोअर' नावाच्या पाक्षिकात तर दर अंकाला संभोगाचे एक आसन चित्रासह येई. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, पीटर लफ या खासदारांनी अशा मासिकांच्या मुखपृष्ठावर ती कोणत्या वयासाठी आहेत हे छापणे बंधनकारक करावे, असे विधेयक संसदेत आणले. त्याचा कायदा झाला नाही, पण प्रकाशकांनी धसका घेऊन स्वतःची नियमावली आणि देखरेख मंडळ स्थापन केले. सांगावयाचे इतकेच की, संताप झालेली मी एकटीच आई नव्हते. मी ते तिन्ही अंक तिच्यासमोर फाडले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "बाबासाहेबांच्या घरात हे चालणार नाही," असे मी म्हणाले. भिंतीवर त्यांची तसबीर होती. १९३४ सालचा खटला तेव्हा मला ठाऊक नव्हता. मुलगी एक शब्दही बोलली नाही.

पुष्कळ वर्षांनी, ती स्वतः आई झाल्यावर, एकदा भांडी विसळताना तिने मला सांगितले. ते अंक तिने चित्रांसाठी ठेवलेच नव्हते. एका अंकातील प्रश्नोत्तरांच्या पानाचा कोपरा तिने दुमडून ठेवला होता. तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे आणि आपल्याला काहीतरी भयंकर रोग झाला आहे, असे तिला वाटत होते. कोणा अनोळखी मुलीने तोच प्रश्न विचारला होता. उत्तर वाचावयास मी तिला पुरता वेळ दिला नाही.

त्या मासिकांची तरफदारी करावी असे मला आजही वाटत नाही. १९८०-९०च्या सुमारास या मासिकांत जो बदल झाला, तो 'सभ्यतेकडून अश्लीलतेकडे' असा सांगितला जातो. मला तो निराळा दिसतो. पूर्वी पानाच्या प्रारंभी एका स्त्रीचा प्रश्न असे. नंतर प्रश्न मागे पडला आणि मासिक स्वतःच सांगू लागले : पुरुषाला रिझविण्याच्या इतक्या युक्त्या, सुख वाढविण्याचे तितके उपाय, आणि शेजारच्या पानावर अत्तराची व वजन घटविण्याच्या भुकटीची जाहिरात. पूर्वीच्या सल्लागार बाई पत्नीला म्हणत की, नवरा सांभाळ. नव्या मासिकांनी तेच तिला कमी कपड्यांत सांगितले. एका सक्तीच्या जागी दुसरी आली. आणि भयाचा बाजार तर दोन्ही काळांत चालूच होता, पूर्वी बदनामीचे भय आणि नंतर अनाकर्षक ठरण्याचे. तरीही त्या गलबल्यात कोठे तरी, मागच्या बाजूला, ते एक पान शिल्लक असे. ज्या पानासाठी आमचे बॅरिस्टर भांडले ते पान. मी फाडले ते तेच पान.

पुढे ती मासिकेही गेली. 'जस्ट सेव्हन्टीन' २००४ साली, 'शुगर' २०११ साली, 'मोअर' २०१३ साली, 'ब्लिस' २०१४ साली बंद पडले. आता मुलगी प्रश्न विचारते तो हातातल्या फोनला. फोन तिला उत्तर देतो की आणखी काही दाखवितो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नाही. २०२० पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नातेसंबंध व लैंगिक शिक्षण सक्तीचे झाले आहे. आपल्यातील काही पालकांनी मुलांना लैंगिक शिक्षणाच्या तासाला न बसविण्याची विनंती शाळेला केली, असे मी ऐकते. त्यांनी 'समाजस्वास्थ्य'चा खटला वाचावा, अशी त्यांना नम्र विनंती.

आणखी एक बाब सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. या देशातील मासिकांत आशियाई मुलीचे पत्र कधी आलेच, तर उत्तर ठरलेले असे : घर सोड, स्वतंत्र हो. तिच्या लग्नात जात नावाची वस्तू कोठे उभी आहे, हे उत्तर देणाऱ्यांना माहीतच नसे. १९८३ साली लंडनमधील आशियाई स्त्रियांनी 'मुक्ती' नावाचे नियतकालिक काढले. ते इंग्रजी, हिंदी, उर्दू, पंजाबी, गुजराती आणि बंगाली अशा सहा भाषांत निघे. त्यांत मराठी नव्हती. दोष त्यांचा नव्हे, आपण संख्येने थोडे. पण आपल्या स्वतःच्या स्मरणिका तरी मराठीतच निघत होत्या ना? माझ्याकडे त्यांतले बहुतेक जपून ठेवलेले आहेत. मी पुन्हा सर्व चाळले. एकाही अंकात स्त्रीच्या शरीराविषयी एक ओळ नाही. त्यांतले अनेक लेख माझेच आहेत.

म्हणून यंदा रमाई जयंतीच्या महिला मेळाव्यात आम्ही एक साधी गोष्ट केली. बुटांच्या खोक्याला फट पाडून ते चहाच्या मेजावर ठेवले आणि नाव न लिहिता प्रश्न टाकावेत असे सांगितले. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. आपल्यातील एका डॉक्टर भगिनीने दार लावून घेऊन उत्तरे दिली. सभागृहाबाहेर काही बंधू नाराज होते असे नंतर कळले. जयंतीच्या कार्यक्रमात हे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

एक चिठ्ठी अलीकडेच लग्न होऊन आलेल्या मुलीची असावी. "नवऱ्याला नाही म्हणता येते का? माझा व्हिसा त्यांच्यावर आहे." या प्रश्नाचे उत्तर तेथे दिले तेच येथे देते. म्हणता येते. १९९१ साली या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, स्पष्ट केले की, पत्नीच्या इच्छेविरुद्धचा संभोग हा बलात्कारच आहे. भारतातील कायद्याने पतीला दिलेली सूट २०२३ सालच्या नव्या न्याय संहितेतही ठेवली आहे, पण तू भारतात नाहीस. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असला तरी घरात छळ होत असल्यास त्या कारणाने येथे स्वतंत्रपणे राहण्याचा अर्ज करता येतो. तुला कोणी 'परत पाठवीन' अशी धमकी देत असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घे, घाबरून सही करू नकोस.

दुसरी चिठ्ठी जुन्या वळणाच्या अक्षरात होती. "पाळी जाऊन अठरा वर्षे झाली. नोव्हेंबरपासून परत डाग दिसतात. दवाखान्यात मुलगा सोबत येतो, तोच बोलतो. त्याच्यासमोर कसं सांगू." ती वाचून झाल्यावर आम्ही सभागृहात विचारले, ही कोणाची असेल त्यांनी नंतर एकट्याने भेटावे. कोणी भेटले नाही. म्हणून उत्तर येथे लिहिते.

माई, तुमची चिठ्ठी माझ्याजवळ आहे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते एकदाच असो की थेंबभर असो, तपासून घ्यावेच लागते. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असू शकते, आणि तो लवकर कळला तर त्यावर चांगला उपचार होतो. नोव्हेंबरपासून आतापर्यंत पुष्कळ दिवस गेले आहेत, आणखी घालवू नका. जी.पी.च्या दवाखान्यात फोन करून 'ब्लीडिंग आफ्टर मेनोपॉज' एवढे तीनच शब्द सांगा, ते लगेच वेळ देतील. स्त्री डॉक्टर मागा. मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. मुलाला बाहेर बसावयास सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे, डॉक्टर स्वतःही त्याला तसे सांगतील. आणि एकटीने जावयाचे नसेल, तर माझा दूरध्वनी क्रमांक संस्थेच्या चिटणीसांकडे आहे. नाव सांगू नका, चिठ्ठीची गोष्टही काढू नका. कोणत्या दवाखान्याच्या दाराशी किती वाजता यावयाचे, तेवढे कळवा. जय भीम.